युरोपातली पौराणिक आणि नाट्यमय चित्रं कशी पाहावीत: नवख्या प्रेक्षकासाठी

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात मोनालिसाचं दालन सोडलं की लागूनच लाल भिंतींची दोन लांबलचक दालनं लागतात. तिथली चित्रं चार-चार, पाच-पाच मीटर रुंद आहेत. उगारलेल्या तलवारी, उधळलेले घोडे, आगीत जळणारे महाल, कोसळून पडलेल्या बायका. बहुतेक प्रवासी एकदा मान वर करतात, ‘केवढं मोठं!’ म्हणतात आणि पुढे सरकतात. घरी बसून मोबाईलवर हीच चित्रं पाहणाऱ्यांचंही फारसं वेगळं होत नाही. चित्र आवडलेलं असतं, पण ते काय सांगतंय याचा थांग लागत नाही, म्हणून तिथे रेंगाळावंसं वाटत नाही.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली ही चित्रं गोष्ट सांगण्यासाठी काढलेली आहेत. ग्रीक-रोमन पुराणं, रोमचा इतिहास, शेक्सपिअरची नाटकं हे त्यांचे मुख्य साठे. नाटककाराला गोष्ट सांगायला पाच अंक मिळतात, चित्रकाराला एकच क्षण. त्याने अख्ख्या गोष्टीतून कुठला क्षण उचलला, हे कळलं की चित्र उघडतं. शैली कोणती, चळवळ कोणती, रंग कसे लावले, हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी थांबून राहायची गरज नाही. खालच्या पायऱ्या त्या क्षणापर्यंत पोचण्यासाठी आहेत.

पायरी १: पाटी नंतर वाचा, आधी हात आणि नजरा पाहा

संग्रहालयात गेलं की आपली नजर आधी चित्राशेजारच्या छोट्या पाटीवर जाते. ती सवय मोडा. निदान दोन मिनिटं पाटीकडे बघू नका. चित्रातले हात कुठे चाललेत, कोण कोणाकडे बघतंय आणि कोण कोणाकडे बघायचं टाळतंय, एवढंच शोधा.

यासाठी झाक-लुई दाविदच्या ‘होरेशी बंधूंची शपथ’ या चित्राइतकं चांगलं पहिलं चित्र दुसरं नाही. दाविदने ते १७८४ मध्ये रोममध्ये रंगवलं आणि १७८५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते गाजलं. सव्वातीन मीटर उंच, सव्वाचार मीटर रुंद. मागे तीन कमानी, कमानींच्या आत अंधार. डावीकडच्या कमानीपुढे तीन तरुण भाऊ, पाय फाकून उभे, हात सरळ पुढे ताणलेले. मधल्या कमानीपुढे लाल अंगरख्यातला बाप, त्याच्या मुठीत तीन तलवारी. उजवीकडच्या कमानीपुढे बायका.

आता हात बघा. भावांचे हात काठीसारखे ताठ आहेत आणि तिन्ही हात तलवारींकडे धावतात. चित्रातल्या फरशीच्या रेघा मागे मागे नेल्या तर त्याही बापाच्या त्या मुठीपाशीच येऊन मिळतात. मग बायकांचे हात बघा. एकही हात उठलेला नाही. मांडीवर पडलेले, खांद्यावरून ओघळलेले. पुरुषांच्या अंगात एकही बाक नाही, बायकांच्या अंगात एकही सरळ रेघ नाही. नजरांचंही तेच. भावांची नजर तलवारींवर, बापाचीही तिथेच. बायकांचे डोळे मिटलेले किंवा खाली झुकलेले. फक्त मागच्या सावलीत एका वयस्क बाईने कवटाळून धरलेल्या पोरांपैकी एक मुलगा तिच्या आडून पुरुषांकडे टक लावून बघतोय. अख्ख्या बायकांच्या बाजूला तेवढी एकच नजर शपथेकडे लागली आहे, आणि ती मुलग्याची आहे. दाविदने हे सहज केलेलं नाही.

पाटी न वाचताही तुम्हाला इतकं कळलं: काहीतरी भयंकर ठरतंय, ठरवणारे एका बाजूला आहेत आणि भोगणारे दुसऱ्या.

पायरी २: पात्रं खुणांवरून ओळखा

चार हात, कमळ आणि शेजारी हत्ती दिसला की आपण लक्ष्मी म्हणतो. मोरपीस आणि बासरी दिसली की कोणी सांगावं लागत नाही. युरोपीय चित्रातही हीच सोय आहे. खुणांची यादी फार मोठी नाही, आठ-दहा पाठ झाल्या की निम्मं काम होतं.

ज्युपिटर म्हणजे देवांचा राजा, त्याच्याजवळ गरुड किंवा हातात वज्र. त्याची बायको जूनो, तिचा मोर. नेपच्यूनचा त्रिशूळ. तो शंकर नव्हे, समुद्राचा देव आहे, आपल्याकडचे प्रेक्षक इथे हमखास चकतात. मिनर्व्हा शिरस्त्राण घालते, सोबत घुबड, ढालीवर किंवा छातीवर सापांच्या केसांचं मेडूसाचं डोकं. डायनाच्या कपाळावर चंद्रकोर, हातात धनुष्य, पायाशी शिकारी कुत्रे. अपोलोच्या हातात तंतुवाद्य आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. मर्क्युरीच्या टोपीला आणि पायांना पंख. व्हीनसजवळ कबुतरं, गुलाब, शिंपला आणि बहुधा पंखवाला छोटा क्यूपिड. बॅकसच्या डोक्यावर द्राक्षवेल. हर्क्युलीस सिंहाचं कातडं आणि सोटा सोडत नाही.

एकाच देवाची किंवा वीराची दोन नावं असतात, एक ग्रीक आणि एक रोमन. झ्यूस आणि ज्युपिटर एकच, अ‍ॅफ्रोडाइटी आणि व्हीनस एकच, ओडिसियस आणि युलिसीस एकच. या काळातल्या चित्रांची नावं बहुधा रोमन वळणाची आहेत. गोंधळ झाला तर दोन्ही नावांनी शोधा.

खुणा नसल्या तर? तीही मोठी गोष्ट असते. स्पॅनिश चित्रकार गोयाचं ‘सॅटर्न’ घ्या. माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर त्याने १८२० ते १८२३ च्या सुमाराला १४ काळवंडलेली चित्रं काढली, त्यातलं हे एक. आपली मुलं आपल्याला पदच्युत करतील या भीतीने सॅटर्न त्यांना गिळतो, ही जुनी कथा. रुबेन्सने हाच विषय १६३६ मध्ये रंगवला होता. त्याचा सॅटर्न दाढीवाला म्हातारा आहे, हातात लांब विळा आहे, आकाशात तारे आहेत. सगळी ओळखपत्रं जागच्या जागी. गोयाने ती सगळी काढून टाकली. काळ्या पोकळीत एक उघडा, हाडकुळा, विस्फारलेल्या डोळ्यांचा देह आणि त्याच्या मुठीत आवळलेलं, डोकं नसलेलं शरीर. तेही तान्ह्या बाळाचं नाही, मोठ्या माणसाच्या बांध्याचं. ‘सॅटर्न’ हे नावसुद्धा गोयाने दिलेलं नाही, मागून इतरांनी दिलं. दोन्ही चित्रं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. ती एकामागून एक पाहा. रुबेन्ससमोर आपल्याला देवाची गोष्ट आठवते. गोयासमोर देव नाहीच, नुसती खाण्याची क्रिया आहे, आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांत स्वतःचीच दहशत आहे.

पायरी ३: गोष्ट वाचा, पण बेताने

अख्खं ग्रीक पुराण वाचून मग चित्रं पाहू असं ठरवलंत तर चित्रं राहून जातील. एका चित्रासाठी एक गोष्ट वाचा. पुराणकथा असेल तर ती बहुधा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधली किंवा होमरच्या दोन महाकाव्यांतली असते. रोमचे वीर आणि त्यांचे त्याग लिव्ही आणि प्लूटार्क या प्राचीन लेखकांकडून आलेले असतात. ग्रीक पुराणकथा मराठीतही सहज वाचायला मिळतात.

वाचताना शेवट काय झाला ते नक्की बघा. चित्रकाराने गृहीत धरलेलं असतं की प्रेक्षकाला शेवट ठाऊक आहे. चित्रातला सगळा ताण त्या गृहीतावर उभा असतो.

दाविदच्या चित्राची गोष्ट अशी. रोम आणि आल्बा या दोन नगरांचं भांडण. अख्खं सैन्य कापून घेण्याऐवजी दोन्हीकडचे तीन-तीन भाऊ लढतील असं ठरतं. रोमकडून होरेशी, आल्बाकडून क्युरेशी. होरेशींच्या बहिणीचं लग्न क्युरेशींपैकी एकाशी ठरलेलं आहे. लढाईत दोन होरेशी मरतात, तिसरा तिन्ही क्युरेशींना मारून परततो. बहीण आपल्या मेलेल्या नवऱ्या मुलासाठी रडते, तेव्हा विजयी भाऊ तिलाही ठार करतो. फ्रेंच नाटककार कोर्नेयने १६४० मध्ये यावर ‘ओरास’ हे नाटक लिहिलं आणि गाठ आणखी आवळली. त्याच्या नाटकात एका होरेशीची बायको सबीना हीच क्युरेशींची बहीण आहे.

आता परत चित्राकडे या. उजव्या टोकाला पांढऱ्या वस्त्रात कोसळलेली बाई म्हणजे ती बहीण, कामिला. शेजारी सबीना. कोणीही जिंकलं तरी यांच्या घरात प्रेत येणारच आहे. आणि समोर ताणलेल्या तीन हातांपैकी एक हात काही दिवसांत तिच्यावरच उठणार आहे.

पायरी ४: क्षण कुठला?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

जर्मन लेखक लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’ नावाचा निबंध छापला. त्यातला एक मुद्दा आजही चित्र बघणाऱ्याच्या कामाचा आहे. कळसाचा क्षण रंगवला की प्रेक्षकाच्या कल्पनेला पुढे जागाच उरत नाही. कळसाच्या थोडा अलीकडचा क्षण धरला तर बघणारा पुढचं स्वतः पाहू लागतो. त्याने दाखला दिला प्राचीन ग्रीक चित्रकार टिमोमाखसच्या मेडिआचा. आपल्याला टाकणाऱ्या नवऱ्याचा सूड म्हणून मेडिआ स्वतःच्या मुलांना मारते. टिमोमाखसने खून रंगवला नाही. आईपण आणि सूड यांची ओढाताण अजून चालू आहे, तो क्षण रंगवला.

मराठी वाचकाला हे अगदी अनोळखी नाही. पायात काही रुतल्याचं निमित्त करून मागे वळून बघणारी राजा रविवर्म्याची शकुंतला आपल्या कित्येक घरांच्या भिंतींवर होती. रविवर्म्याने तैलरंगाची ही युरोपीय रीत आत्मसात केली आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून आपली पौराणिक चित्रं घरोघरी पोचवली. त्या चित्रातही दुष्यंत दिसत नाही. वळलेली मान दिसते, आणि पुढचं आपण जाणतो.

फ्रेंच चित्रकार देलाक्रुआची मेडिआ १८३८ ची, आज फ्रान्समधल्या लील शहराच्या संग्रहालयात. गुहेच्या तोंडाशी ती दोन उघड्या मुलांना काखोटीला मारून उभी आहे. हातात खंजीर आहे, पण तो अजून कोणावर रोखलेला नाही. ती मुलांकडे बघत नाही. मान वळवून प्रकाशाच्या दिशेला, म्हणजे पाठलाग करणारे जिथून येतील तिकडे बघते. चेहऱ्याच्या वरच्या भागावर सावली पडली आहे, डोळे अंधारात आहेत आणि मान, खांदे, छाती लखलखीत उजेडात. तिची पकड बघा. ती मुलांना वाचवायला धरलंय अशी आहे की मारायला? पहिल्यांदा चित्र बघणाऱ्या कोणालाही विचारा, बहुतेक जण ‘शत्रूपासून मुलांना लपवतेय’ असंच म्हणतील. ते चूकही नाही. या एका मिठीत दोन्ही गोष्टी आहेत, आणि चित्राची सगळी ताकद त्यात आहे.

दाविदनेही क्षण बदलला होता. ‘शपथ’ रंगवण्याआधी १७८१ च्या सुमाराला त्याने वेगळंच रेखाटन केलं होतं. बहिणीचा खून झालेला आहे, तिचं प्रेत पायऱ्यांवर पडलंय आणि बाप लोकांसमोर आपल्या खुनी मुलाची बाजू मांडतोय. तो क्षण त्याने सोडला. शेवटी निवडली ती शपथ, जी लिव्हीच्या इतिहासातही नाही आणि कोर्नेयच्या नाटकातही नाही. म्हणजे गोष्टीत नसलेला क्षण त्याने गोष्टीत घातला. माझ्या मते हा त्या शतकातला सगळ्यात धाडसी निर्णय होता. खून घडून गेल्यावरच्या चित्रात फक्त वाद उरला असता. शपथेच्या चित्रात विजय, मरण, बहिणीचा खून, सगळं अजून व्हायचं आहे आणि सगळं दिसतंही आहे.

सरावासाठी एकाच गोष्टीची दोन चित्रं शेजारी ठेवा: अँग्रचं १८०८ चं ‘इडिपस आणि स्फिंक्स’ (पुढे त्याने ते वाढवून १८२७ च्या प्रदर्शनात ठेवलं, आता लूव्हरमध्ये) आणि गुस्ताव मोरोचं त्याच विषयावरचं १८६४ चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली. थीब्ज नगराच्या वाटेवर स्फिंक्स, म्हणजे बाईचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेली राक्षसी, कोडं घालते: सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन पायांवर चालतो तो कोण? उत्तर चुकेल त्याला ती मारते. इडिपस उत्तर देतो: माणूस.

अँग्रचा इडिपस दगडावर एक पाय टेकवून पुढे वाकला आहे, बोट पुढे करून शांतपणे समजावून सांगतो आहे. स्फिंक्स डावीकडच्या अंधारात अर्धी लपलेली आहे. मागे त्याचा सोबती घाबरून पळतोय. खाली दगडांत कोणाची तरी हाडं आणि एक तळपाय. उत्तर दिलं जातंय, बुद्धी जिंकते आहे. मोरोच्या चित्रात स्फिंक्सने झेप घेऊन इडिपसच्या छातीत पंजे रोवले आहेत. ती त्याला चिकटून लोंबते आहे आणि दोघांची नजर एकमेकांत गुंतली आहे. कोणी बोलत नाही. कोडं घातलंय की अजून घालायचंय तेही कळत नाही. एकच कथा, मध्ये ५६ वर्षं, आणि माणसाच्या बुद्धीवरचा भरवसा किती डळमळलाय ते या दोन क्षणांच्या निवडीत दिसतं.

कागदावर तीन ओळी लिहायची सवय लावा: आत्ता काय घडतंय, एका क्षणानंतर काय घडेल, आणि चित्रातल्या कोणाला ते ठाऊक आहे. तिसरी ओळ सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी.

पायरी ५: चित्रकाराने मूळ गोष्टीत काय ढवळाढवळ केली?

देलाक्रुआचं ‘सार्डानापालसचा मृत्यू’ १८२७ चं, जवळपास चार मीटर उंच आणि पाच मीटर रुंद. दंतकथेतला असिरियाचा राजा. शत्रू महालाला भिडलेला आहे, म्हणून राजा स्वतःसकट सगळं जाळायला निघालाय. इंग्रज कवी बायरनने १८२१ मध्ये यावर नाटक लिहिलं. त्यात शेवटी राजा आणि त्याची लाडकी दासी मिरा हे दोघं चितेवर जातात, कत्तल होत नाही. चित्रात मात्र जनानखान्यातल्या बायकांचे गळे चिरले जाताहेत, घोड्याला ओढून आणलं जातंय, जडजवाहीर विखुरलंय, आणि राजा लालभडक पलंगावर कोपरावर रेलून हे सगळं थंडपणे बघतोय. ही भर देलाक्रुआची. प्रदर्शनात त्याच्यावर टीकेची झोड उठली.

हे चित्र मला विलक्षण वाटतं, आणि खटकतंही. रंगांची उधळण अशी की नजर कुठे टेकवावी कळत नाही, आणि तेच त्याला हवं होतं. पण पूर्वेकडचा राजा म्हणजे विलासी आणि क्रूर, त्याच्या बायका म्हणजे मालमत्ता, हा युरोपचा तेव्हाचा समजही त्या रंगांत पक्का मुरलेला आहे. आशियातल्या प्रेक्षकाने तो नजरेआड करू नये. चित्र थोर आहे म्हणून त्यातला पूर्वग्रह थोर होत नाही.

कधी चित्रकार उलट दिशेने जातो, म्हणजे मूळ स्रोताकडे. वॉटरहाउसच्या ‘युलिसीस आणि सायरन’ (१८९१, मेलबर्न) मध्ये सायरन पक्ष्यांच्या अंगाच्या आणि बायकांच्या तोंडाच्या आहेत. गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरन त्या काळी बहुधा सुंदर जलकन्या म्हणून रंगवल्या जात. वॉटरहाउसने ब्रिटिश म्युझियममधल्या प्राचीन ग्रीक रांजणावरचं रूप उचललं. होमरच्या काव्यात दोनच सायरन आहेत, याने सात काढल्या. डोलकाठीला बांधलेल्या युलिसीसभोवती सात पंखवाल्या बाया घिरट्या घालताहेत, आणि एक तर कान झाकलेल्या खलाशाच्या अगदी तोंडाजवळ आली आहे.

आणि कधी चित्रकार रंगमंचावर जे दिसूच शकत नाही ते दाखवतो. जॉन एव्हरेट मिलेची ‘ऑफिलिया’ (१८५१-५२, टेट ब्रिटन) हे त्याचं उत्तम उदाहरण. आगरकरांनी ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकात ऑफिलिया बुडते, पण प्रेक्षकांसमोर नाही. राणी येऊन फक्त वर्णन करते. मिलेने ते वर्णन रंगवलं. सरी या परगण्यात हॉग्समिल नावाच्या ओढ्याकाठी बसून त्याने महिनोन्‌महिने झाडंझुडपं रंगवली. वेगवेगळ्या वेळी फुलणारी फुलं त्यामुळे चित्रात एकत्र आली. ऑफिलिया रंगवली हिवाळ्यात, लंडनच्या स्टुडिओत. त्याची मॉडेल एलिझाबेथ सिडल पाण्याने भरलेल्या टबमध्ये पडून राहायची. पाणी कोमट ठेवायला खाली दिवे लावलेले असत. एकदा ते विझले, ती बोलली नाही, आणि आजारी पडली. तिच्या वडिलांनी डॉक्टरचा खर्च मागितला.

चित्राजवळ गेलात तर एक एक फूल तपासा. गळ्यात व्हायोलेटची माळ, पाण्यावर पँझी आणि डेझी, हाताशी लाल पॉपी. पॉपी शेक्सपिअरच्या मजकुरात नाही. ते झोपेचं आणि मरणाचं फूल, मिलेने स्वतः घातलं. आणि क्षण? ती अजून बुडालेली नाही. ओठ उघडे आहेत, ती गाते आहे.

पायरी ६: चित्र आणि नाटकघर यांचं नातं लक्षात ठेवा

या काळात चित्रकार नाटकं बघत होते आणि नट चित्रांतून पोझ उचलत होते. होगार्थने १७४५ च्या सुमाराला डेव्हिड गॅरिक या नटाला शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत रंगवलं. लढाईच्या आदल्या रात्री, आपण मारलेल्यांची भुतं स्वप्नात पाहून राजा तंबूत दचकून उठलाय, पंजा पसरलेला, बोटं ताठ. भुतं चित्रात नाहीत. ती जिथे असायला हवीत तिथे आपण उभे आहोत. रेनॉल्ड्सने १७८४ मध्ये सारा सिडन्स या नटीला शोकांतिकेची देवता म्हणून सिंहासनावर बसवलं. मागे खंजीर आणि प्याला घेतलेल्या दोन आकृती, आणि तिची बैठक मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या प्रेषितावरून घेतलेली. लंडनच्या पॉल मॉलवर १७८९ मध्ये बॉयडेल या प्रकाशकाने फक्त शेक्सपिअरच्या प्रसंगांची चित्रशाळाच उघडली. पॅरिसमध्ये १८२७ ला इंग्रज नटमंडळी शेक्सपिअर करायला आली, तेव्हा प्रेक्षकांत देलाक्रुआ होता.

म्हणून चित्र बघताना नाटकाच्या तालमीला बसल्यासारखे प्रश्न विचारा. उजेड कुठून येतोय? मध्यावर कोण आहे, आणि मध्यावर कोणाला ठेवलेलं नाही? दाविदचंच १७८९ चं ‘ब्रूटस’ बघा (सीझरला मारणारा ब्रूटस नव्हे). रोमचं राज्य राजांच्या हाती परत देण्याच्या कटात सामील झाले म्हणून ब्रूटसने स्वतःच्या मुलांना देहदंड दिला आहे आणि त्यांची प्रेतं घरी आणली जाताहेत. एवढा मोठा नायक, पण तो डाव्या कोपऱ्यात सावलीत बसलाय. उजेड पडलाय तो आक्रोश करणाऱ्या आईवर आणि मुलींवर. आणि चित्राच्या मधोमध टेबलावर शिवणकामाची टोपली आहे. घरातलं रोजचं काम अर्ध्यावर राहिलं. ती टोपली दिसली की चित्रातलं राजकारण क्षणभर मागे पडतं.

पायरी ७: कोणासाठी काढलं, कोणी काढू दिलं

फ्रान्सच्या अकादमीने चित्रविषयांची उतरंड लावली होती: सगळ्यात वर इतिहास-पुराण, मग व्यक्तिचित्र, मग रोजचं जीवन, निसर्ग, आणि तळाशी फळंफुलं-भांडी. मोठं नाव, मोठा कॅनव्हास, सरकारी पैसा हे सगळं वरच्या पायरीला. ‘शपथ’ आणि ‘ब्रूटस’ ही दोन्ही चित्रं राजाच्या खात्याने मागवलेली होती, क्रांतिकारकांनी नव्हे. ‘ब्रूटस’ लोकांपुढे आलं ते बास्तीयचा तुरुंग पडल्यावर थोड्याच आठवड्यांत, आणि लोकांनी त्यात आपलं वर्तमान वाचलं.

वरच्या पायरीसाठी मानवी देहाचा अभ्यास हवा, आणि तो नग्न मॉडेल समोर बसवून होई. त्या वर्गात बायकांना मज्जाव होता. अँजेलिका काउफमान ही १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीची संस्थापक सभासद. तिच्याशिवाय मेरी मोझर, बस, दोनच बायका. झोफानी या चित्रकाराने १७७१-७२ मध्ये सभासदांचं समूहचित्र काढलं. पुरुष मंडळी नग्न मॉडेलभोवती जमली आहेत, आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरींत. तरीही काउफमानने पुराणविषय सोडले नाहीत. १७६९ च्या पहिल्या प्रदर्शनात तिने हेक्टर आणि आंद्रोमाखी यांच्या भेटीचं चित्र ठेवलं: नवरा लढाईला निघालाय, परतणार नाही. रणांगण तिने रंगवलं नाही, दारातला निरोप रंगवला.

आणि एक प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, तो सरळ बोलू: इतकी उघडी शरीरं का? एक कारण प्राचीन शिल्पांचा आदर्श. दुसरं कारण बाजार. काबानेलचं ‘व्हीनसचा जन्म’ १८६३ च्या प्रदर्शनातून सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतलं. लाटेवर पहुडलेली ती बाई व्हीनस म्हटल्यामुळे प्रतिष्ठित झाली. दोन वर्षांनी एदुआर माने या चित्रकाराने ‘ओलिम्पिया’ मांडली, त्यात बाई देवी नव्हती, पॅरिसमधली वेश्या होती आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवत होती. गदारोळ झाला. पुराणाचं नाव कुठे गोष्ट सांगायला वापरलंय आणि कुठे नुसतं पांघरूण म्हणून, हे क्षणाच्या कसोटीवर लगेच कळतं. काबानेलच्या चित्रात पुढच्या क्षणी काहीच घडणार नाही.

पायरी ८: आता एक चित्र स्वतः सोडवा

टर्नरचं ‘युलिसीस पॉलिफीमसला डिवचतो’ (१८२९, नॅशनल गॅलरी, लंडन) निवडा. गोष्ट: एकडोळ्या राक्षसाचा डोळा फोडून युलिसीस जहाजातून निसटतो आणि जाता जाता त्याला हिणवतो. एवढंच सांगते. चित्र मोठं करून शोधा: राक्षस कुठे आहे? (घाई करू नका, त्याला ढगांतून वेगळं काढायला वेळ लागतो.) जहाजाच्या एका निशाणावर कसलं चित्र आहे? उगवत्या सूर्यापाशी घोडे दिसतात का, आणि ते कोणाचे? जहाजाच्या नाळेशी पाण्यात चमकणाऱ्या मुली कोण? मग पायरी ४ मधल्या तीन ओळी लिहा. तिसऱ्या ओळीसाठी सूचना: हिणवताना युलिसीस स्वतःचं नाव सांगून बसतो, आणि पॉलिफीमसचा बाप समुद्राचा देव आहे.

पाहायचं कुठे? मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बारकावे दिसतील इतकी मोठी छायाचित्रं असतात. मेट्रोपॉलिटनने तर स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांची छायाचित्रं सगळ्यांना मोफत वापरायला दिली आहेत. मोबाईलपेक्षा संगणकाचा पडदा बरा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रं आहेत, तिथे खऱ्या कॅनव्हाससमोर उभं राहायचा सराव होतो. लंडनमध्ये नॅशनल गॅलरी आणि टेट ब्रिटनच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, त्यामुळे एका दिवशी एकच चित्र बघून बाहेर पडणं परवडतं. लूव्हर मंगळवारी बंद असतं. तिकीट काढून आत गेलात की ‘शपथ’, ‘ब्रूटस’ आणि ‘सार्डानापालस’ त्या लाल दालनांत जवळजवळ आहेत. मोनालिसाच्या रांगेआधी तिकडे जा.